इंटरस्टेलर : एक तास म्हणजे सात वर्षं – पटकथा, तंत्र आणि प्रेक्षक

तर्कट (धागाकर्ता)

सिनेमा पाहिला नसेल तर इथूनच मागे फिरा, पुढे सगळं उघड केलेलं आहे.

क्रिस्टोफर नोलनचा 'इंटरस्टेलर' नोव्हेंबर २०१४ मध्ये आला. दहा वर्षांनंतरही त्यावर दोनच प्रकारची चर्चा होते. एक, "विज्ञान बरोबर आहे का?" आणि दोन, "शेवट झेपला नाही". या दोन्हींच्या मध्ये जे आहे, म्हणजे पटकथा रचली कशी, त्यावर बोलू या असं वाटलं म्हणून हा धागा.

गोष्ट एवढीच : पृथ्वी जगण्याजोगी उरत नाही, म्हणून कूपर हा वैमानिक मुलगी मर्फ आणि मुलगा टॉम यांना मागे ठेवून नासाच्या मोहिमेवर नवा ग्रह शोधायला जातो. मिलर, मान आणि एडमंड्स हे अंतराळवीर आधीच एकेका ग्रहावर गेलेले असतात. माझं म्हणणं थोडक्यात असं. या सिनेमात खलनायक नाही (मान येतो, पण उशिरा). इंधन, प्राणवायू, अन्न या गोष्टी बोलण्यात येतात, पण खर्च होताना दिसतो तो वेळ. कूपर काहीही करायला गेला की त्याची किंमत पृथ्वीवरच्या वर्षांत मोजली जाते. शनीपर्यंत झोपून दोन वर्षं, मिलरच्या ग्रहावर २३ वर्षं, गार्गांचुआ या कृष्णविवराला वळसा घालताना ५१ वर्षं. प्रत्येक वेळी ती वर्षं मर्फच्या वाट्याची असतात. म्हणून सापेक्षतावाद न कळणाऱ्या माणसालाही सिनेमा कळतो. बापाला उशीर होतोय, एवढं कळलं की पुरे.

आणि हा हिशेब प्रेक्षकाला आधी दिलेला आहे. मिलरच्या ग्रहावर उतरण्यापूर्वी 'इथला एक तास म्हणजे पृथ्वीवरची सात वर्षं' हे स्पष्ट सांगितलं जातं. कूपर फळ्यावर आकृती काढून दाखवतो की एंड्युरन्स हे मुख्य यान लांब ठेवायचं, छोटं रेंजर यान घेऊन खाली जायचं आणि लगेच परतायचं. नियम आधी, संकट नंतर. त्यामुळे डोंगराएवढी लाट येते तेव्हा आपण घड्याळाकडे बघत असतो, लाटेकडे नंतर.

माझ्या मते जिथे सिनेमा वेळेचं हे चलन सोडतो तिथेच प्रेक्षक दुभंगतो. त्यावर प्रतिसादांत बोलूच.

रीळमास्तर

चांगला धागा. संकलनाची एक जागा नोंदवतो, कारण तुमच्या 'चलना'ची पहिली वसुली तिथे होते.

घर सोडून निघालेला कूपर ट्रक चालवतोय. आदल्या खेपेला मर्फ त्याच ट्रकमध्ये पांघरुणाखाली लपून आली होती. आता तो हात लांबवून पांघरूण उचलून बघतो. खाली कोणी नाही. त्या क्षणी ध्वनिपट्टीवर उड्डाणाची उलटी मोजणी सुरू झालेली असते, चित्र मात्र अजून ट्रकचंच आहे. शून्य येतं आणि कट थेट अग्निबाणावर. प्रशिक्षण, चाचण्या, निरोप समारंभ, अवकाशपटात हमखास असणारं हे सगळं एका कटमध्ये उडवलं. आवाज चित्राच्या आधी आणायची युक्ती जुनीच आहे. इथे तिच्यामुळे घर सोडणं आणि पृथ्वी सोडणं ही एकच क्रिया होते. नोलनने वीसेक मिनिटं वाचवली आणि वर भावना दुप्पट केली.

दुसरी जागा २३ वर्षांत घरून येऊन साठलेल्या व्हिडिओ-निरोपांची. कूपर झालेल्या मॅथ्यू मॅकॉनहीने ते निरोप आधी पाहिलेले नव्हते. ते अगोदर चित्रित करून ठेवले होते आणि त्याचा क्लोजअप आधी घेतला. कॅमेरा चेहऱ्यावरून जवळपास हलतच नाही. टॉमचं शिक्षण, लग्न, मूल, आजोबांचं जाणं, सगळं त्या चेहऱ्यावर. मग मोठी झालेली मर्फ येते आणि सांगते की बाबा, तुम्ही गेलात तेव्हा जेवढे होतात तेवढीच मी आज आहे. निघताना "परत येईन तेव्हा कदाचित आपण एकाच वयाचे असू" असं तो गमतीत म्हणालेला असतो. पेरणी आणि कापणी यांच्यात तासाभराचं अंतर आहे, आणि मधे एकदाही त्याची आठवण करून दिलेली नाही. हे धाडस हल्ली दुर्मिळ.

गणिती

'एक तास = सात वर्षं' हे गुणोत्तर काढलं तर ७ × ८७६६ तास = सुमारे ६१,३६०. म्हणजे ग्रहावरचं एक मिनिट पृथ्वीवर साधारण ४२–४३ दिवसांचं.

परतल्यावर, वर यानातच थांबलेला सहकारी रॉमिली २३ वर्षं, ४ महिने, ८ दिवस सांगतो. २३.३६ भागिले ७ = ३.३४, म्हणजे ३ तास २० मिनिटं. आता पडद्यावर बघा. पहिल्या लाटेनंतर इंजिनात पाणी जातं आणि ते निचरायला पाऊण ते एक तास लागेल असं सांगितलं जातं. त्याआधीचं चालणं, अवशेष शोधणं धरून दीड तासाच्या वर काही जात नाही. उरलेला वेळ उतरण्या-चढण्यात गेला असं समजायचं. हिशेब अगदीच चुकीचा नाही, पण संवादात बसवलेला नाही.

दुसरं, लाटेच्या प्रसंगातल्या 'माउंटन्स' या संगीताच्या तुकड्यातल्या टिकटिकीबद्दल. दर १.२५ सेकंदाला एक टिक आणि प्रत्येक टिक म्हणजे पृथ्वीवरचा एक दिवस, हे व्हॉट्सअॅपवर वर्षानुवर्षं फिरतंय. करून बघा : सात वर्षं म्हणजे २५५७ दिवस. ३६०० सेकंद भागिले २५५७ = १.४१. म्हणजे दिवसाला १.४१ सेकंद. १.२५ ची टिक धरली तर एका तासाला २८८० दिवस, जवळपास ७ वर्षं ११ महिने. कल्पना झकास आहे, ठोकाही दिवसाच्या आसपास पडतो, पण 'तंतोतंत' म्हणायला जागा नाही.

आगाऊ_काकू

@गणिती, टिकटिकीचा फुगा फोडलात, आता आमच्या भाचरांना काय सांगायचं? 😀

शंका : एवढ्या मोठ्या कृष्णविवराच्या इतक्या जवळ जाऊनही ही मंडळी भाजून निघत नाहीत, चिरडलीही जात नाहीत. हे कसं? आणि विवराभोवती ती उजेडाची कडी वरून-खालून दिसते ती खरी की शोभेची?

खगोलपंत

काकू, तिन्हीची उत्तरं किप थॉर्न यांनी आधीच बांधून ठेवली होती. ते या सिनेमाचे वैज्ञानिक सल्लागार आणि कार्यकारी निर्माते. त्यांची अट अशी की सिद्ध झालेला नियम मोडायचा नाही, आणि कल्पनाविलास करायचा तर तोही खऱ्या विज्ञानातून फुटलेला हवा.

चिरडणं : गार्गांचुआचं वस्तुमान सूर्याच्या १० कोटी पट धरलंय. कृष्णविवर जितकं मोठं तितकं त्याच्या क्षितिजाजवळचं (जिथून प्रकाशही सुटत नाही त्या सीमेजवळचं) भरतीबल, म्हणजे डोकं आणि पाय वेगवेगळं ओढणारं बल, कमी. सूर्याच्या दहापट वस्तुमानाचं लहान विवर असतं तर क्षितिजाच्या खूप आधीच शेवया झाल्या असत्या. १० कोटी पटीला माणूस क्षितिज ओलांडेपर्यंत शाबूत राहू शकतो.

भाजणं : विवराभोवती फिरणारी तापलेल्या वायूची चकती मुद्दाम 'अशक्त' ठेवली आहे. तिचं तापमान सूर्याच्या पृष्ठभागाइतकं, म्हणजे काही हजार अंश. बऱ्याच काळात नवं खाद्य पडलेलं नाही, म्हणून क्ष-किरणांचा मारा नाही.

वेळेचं गुणोत्तर : हे सगळ्यात अवघड होतं. नोलनला तासाला सात वर्षं हवीच होती. थॉर्नना आधी ते अशक्य वाटलं, मग गणित मांडल्यावर निघालं की विवर कमाल वेगाच्या अगदी काठावर फिरत असेल तर जमतं. 'अगदी काठावर' म्हणजे कमाल मर्यादेपेक्षा फक्त शंभर लाख कोटीत एक भाग कमी. निसर्गात असं सापडेल का, तर बहुधा नाही. पण नियमाने बंदी नाही.

कडी : खरी आहे. चकती एकच आणि सपाट. तिचा विवरामागे लपलेला भाग आपल्याला दिसायला नको, पण त्याचा प्रकाश वरून वाकून येतो म्हणून वर कमान दिसते, आणि मागच्या चकतीच्या खालच्या बाजूचा प्रकाश खालून येतो म्हणून खाली पातळ कड दिसते.

आता गंमत. चित्र काढताना तो स्वतःभोवतीच्या प्रचंड वेगाचा आकडा वापरलेलाच नाही! व्हिज्युअल इफेक्ट्स करणाऱ्या डबल निगेटिव्ह कंपनीच्या ऑलिव्हर जेम्स आणि चमूने थॉर्न यांच्या समीकरणांवरून जो संगणक-प्रोग्राम लिहिला, त्यात सिनेमासाठी कमाल मर्यादेच्या ०.६ पट परिवलन घेतलं. जास्त घेतलं की सावली एका बाजूने चपटी दिसते आणि प्रेक्षक गोंधळतो. शिवाय फिरणाऱ्या चकतीची जी बाजू आपल्याकडे येते ती निळसर आणि खूप तेजस्वी, जी दूर जाते ती लालसर आणि जवळजवळ विझलेली दिसायला हवी. तेही काढून टाकलं. १९७९ मध्ये फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ ज्याँ-पिएर ल्युमिने यांनी हाताने ठिपके काढून जे चित्र तयार केलं त्यात हा असमतोल आहे. १० एप्रिल २०१९ ला एम८७ या दीर्घिकेतल्या विवराची जी पहिली प्रतिमा आली, तिच्यातही कडीची खालची बाजू ठळक आहे. म्हणजे 'आजवरचं सर्वांत अचूक कृष्णविवर' हे बिरुद अर्धं खरं : प्रकाशाचं वाकणं अचूक, उजेड-अंधार सोयीचा.

रीळमास्तर

@खगोलपंत, यात तंत्राची भर. साध्या रे-ट्रेसिंगमध्ये प्रत्येक पिक्सेलसाठी एक किरण मागे सोडतात. इथे अवकाशच वाकलेलं असल्यामुळे शेजारचे दोन किरण भलतीकडेच जातात, आणि कॅमेरा हलला की पार्श्वभूमीचे तारे लुकलुकतात. आयमॅक्सच्या फ्रेममध्ये जवळपास २ कोटी ३० लाख पिक्सेल, तिथे ही लुकलुक डोळ्यांत खुपणार. म्हणून त्यांनी एक किरण न सोडता किरणांचा जुडगा सोडला आणि वाटेत त्या जुडग्याचा छेद कसा ताणला जातो, पिळला जातो ते मोजलं. शेवटी तो छेद आकाशाचा जेवढा तुकडा व्यापेल त्याची सरासरी म्हणजे त्या पिक्सेलचा रंग. काही फ्रेमना १०० तासांपर्यंत वेळ लागला. हेच काम पुढे २०१५ मध्ये शोधनिबंध म्हणून छापून आलं.

आणि हे सगळं चित्रीकरणाच्या *आधी* तयार ठेवलं. ग्रीन स्क्रीन लावून नंतर चित्र चिकटवण्याऐवजी यानाच्या सेटबाहेर भलामोठा पडदा उभारून त्यावर प्रोजेक्टरने अवकाश टाकलं. फायदा असा की हेल्मेटच्या काचेतलं प्रतिबिंब आणि चेहऱ्यावर सरकणारा उजेड खरा मिळतो, नटालाही खिडकीबाहेर बघायला काहीतरी असतं. तोटाही मोठा. प्रोजेक्टरचा उजेड अपुरा, त्यामुळे आतली प्रकाशयोजना त्या मानाने खाली आणावी लागते, आणि चित्र आवडलं नाही तर 'नंतर बघू' म्हणायची सोय नाही. छायालेखक होयटे व्हॅन हॉयटेमाची दृश्यं यानाच्या आत इतकी अंधारी का, याचं निम्मं उत्तर इथे आहे.

धुळीच्या वादळांचंही तसंच. मोठ्या पंख्यांनी निरुपद्रवी कृत्रिम धूळ उडवली. मका तर कॅनडातल्या अल्बर्टात ५०० एकरांवर खरोखर लावला, आणि उरलेलं पीक विकलंसुद्धा.

नाठाळ

कौतुक सोहळा झाला असेल तर जरा उलट बाजू.

१) पृथ्वीवरून निघायला टप्प्याटप्प्यांचा अजस्र अग्निबाण लागतो. मिलरच्या ग्रहावर गुरुत्व पृथ्वीच्या १.३ पट, तिथून तेच रेंजर एकटं उडून येतं. अग्निबाण मग हौसेला होता का?

२) मिलरकडून 'सगळं ठीक' असा संदेश येत राहिला. वेळ ६१ हजार पटीने ताणलेला असताना संदेशही ताणला जाणार ना? नासातल्या एकाही माणसाच्या लक्षात आलं नाही?

३) कूपरची सहकारी ब्रँड हिचं प्रेमावरचं भाषण. दोन तास गणित आणि मग एकदम 'प्रेम मितींच्या पलीकडे जातं'.

४) पुस्तकांच्या कपाटामागचा तो टेसरॅक्ट, म्हणजे मर्फच्या खोलीतला कुठलाही क्षण गाठता येतो ती जागा. भविष्यातली माणसं तो बांधतात, म्हणून कूपर वाचतो, म्हणून माणसं वाचतात, म्हणून ती टेसरॅक्ट बांधतात. कोंबडी आणि अंडं दोघंही हवेतून.

गणिती

२ नंबर शंभर टक्के मान्य, आणि आकड्यांत तो अजून वाईट दिसतो. खालून १ गिगाहर्ट्झवर पाठवलेला संदेश लांबच्या ग्राहकाला १६ किलोहर्ट्झच्या आसपास मिळेल. म्हणजे ठरलेल्या वारंवारतेवर काहीच ऐकू येणार नाही. आणि आलाच, तर 'किती खाली सरकला' यावरूनच वेळेचं गुणोत्तर कागदावर निघतं. कुणी खाली उतरायची गरजच नाही. पटकथेतलं सगळ्यात मोठं भोक हेच, आणि दुर्दैवाने सगळ्यात चांगला प्रसंग त्याच भोकावर उभा आहे.

१ ला तोंडदेखलं उत्तर आहे : पुढचं इंधन वाचवायला पृथ्वीवरून उसना धक्का घेतला. मला स्वतःला ते पटत नाही. मात्र लांबच्या कक्षेतून मिलरच्या ग्रहापर्यंत जायला वेगात जो बदल हवा तो प्रकाशवेगाच्या जवळपास एक तृतीयांश आहे. तिथे कुठलंच इंजिन पुरत नाही, दुसऱ्या एखाद्या जड वस्तूला वळसा घालावा लागतो. थॉर्न यांच्या हिशेबात त्यासाठी मध्यम आकाराचं दुसरं कृष्णविवर हवं. सिनेमात न्यूट्रॉन तारा म्हटलंय, कारण दोन कृष्णविवरांनी प्रेक्षक गोंधळला असता.

डॉकिंगचंही, म्हणजे गरगरत्या एंड्युरन्सला छोटं यान जोडण्याच्या प्रसंगाचंही, सांगून टाकतो. एंड्युरन्स मिनिटाला ६७-६८ फेरे घेतंय असं ऐकू येतं. यानाच्या गोल कड्याची त्रिज्या तीसेक मीटर धरा. १ जी (पृथ्वीइतकं गुरुत्व) साठी मिनिटाला साडेपाच फेरे पुरतात. ६८ म्हणजे बारा पटीहून जास्त, आणि बल वर्गाने वाढतं, म्हणून कडेला दीडशे जी. कडं उसासारखं मोडायला हवं. कूपर आसाजवळ आहे म्हणून त्याला कमी. दोन मीटर बाहेर बसला असेल तर १० जी. ब्रँड शुद्ध हरपते ते मात्र पटतं.

तर्कट

@नाठाळ, ३ वर मी भांडणार. ते भाषण लोक सिद्धांत म्हणून ऐकतात, पण प्रसंग बघा. इंधन एकाच ग्रहापुरतं उरलंय, मान किंवा एडमंड्स. ब्रँडचं एडमंड्सवर प्रेम आहे हे कूपर उघडं पाडतो, आणि ती कोंडीत सापडून जे बोलते ते हे भाषण. तिचा युक्तिवाद हरतो. कूपर 'आकडे' बघून मानला निवडतो. आकडे खोटे निघतात, कारण मानने एकटेपणाच्या भीतीने ते रचलेले असतात, आणि एडमंड्सचा ग्रहच राहण्याजोगा निघतो. म्हणजे पटकथा 'प्रेम विरुद्ध विज्ञान' असा निवाडा देत नाही, आकडे पाठवणाराही माणूसच असतो एवढंच दाखवते. अडचण अशी की नंतर टेसरॅक्टमध्ये कूपर तेच वाक्य टार्स या यंत्रमानवाला सिद्धांतासारखं ऐकवतो. तिथे मी तुमच्या बाजूला.

४ बद्दल : कारण-परिणामाचं वर्तुळ तर्काला खटकतं, पण आतून सुसंगत आहे. कूपर काहीही *बदलत* नाही. धुळीतल्या द्विमान रेघा, मोर्समधला 'थांब', घड्याळाचा काटा, सगळं आधीच घडून गेलेलं तो पार पाडतो. माझी तक्रार वेगळी आहे. इथवर प्रत्येक कृतीला वर्षांची किंमत होती, टेसरॅक्टमध्ये वेळ फुकट मिळतो. हव्या त्या क्षणाला हात लावा, घड्याळ चालत नाही. ज्या भीतीवर दोन तास बसलो तीच काढून घेतली. प्रेक्षक 'कळलं नाही' म्हणतो, मला वाटतं त्याला 'आता धोका कशाचा?' असं म्हणायचं असतं.

कानसेन

कुणी आवाजावर बोलेना म्हणून मी.

संगीतकार हान्स झिमरला नोलनने आधी फक्त एक पान दिलं, बाप आणि मुलाबद्दलचं. विज्ञानपट आहे हे सांगितलं नाही. त्यातून निघालेली छोटी सुरावट हाच सगळ्या संगीताचा गाभा. ऑर्गन लंडनच्या टेंपल चर्चमधला, १९२६ चा, वादक रॉजर सेयर. निवड नेमकी आहे : ऑर्गनला वाजण्यासाठी हवा लागते, तो श्वास घेतो. बाहेर निर्वात आणि आत श्वास. मानच्या चुकलेल्या डॉकिंगला स्फोट होतो तेव्हा बाहेरच्या शॉटला चिडीचूप, आणि निरोपांच्या प्रसंगात पडदा बंद होताच संगीत वाक्याच्या मधेच तुटतं. विसावायला जागा देत नाही.

पण संवाद! २०१४ मध्ये इतक्या तक्रारी आल्या की अमेरिकेतल्या एका थिएटरने 'आमची यंत्रणा ठीक आहे, दिग्दर्शकालाच असं हवंय' अशी पाटी लावली. नोलननेही ते मुद्दाम केल्याचं सांगितलं. अग्निबाणात शब्द बुडाले तर बुडू देत, मान्य. पण मोहीम आखणारा प्रोफेसर ब्रँड (कूपरच्या सहकारी ब्रँडचा बाप) मरताना कबूल करतो की पृथ्वीवरच्या माणसांना वाचवायची योजना 'अ' थापच होती, आणि ते पुटपुटण्यात गेलंय. कथेचा कणा असलेली माहिती निम्म्या थिएटरला पोचत नाही. ही शैली म्हणायची की हट्ट?

हिंगोलीकर

अवांतर, पण आमच्या जिल्ह्याचा संबंध आहे म्हणून. मूळ मसुद्यात वर्महोलचा (यान ज्यातून दूरच्या ग्रहांकडे जातं त्या अवकाशातल्या आडवाटेचा) शोध लायगो या वेधशाळेला मिळालेल्या गुरुत्वीय लहरींवरून लागतो असं होतं. गर्दी नको म्हणून नोलनने काढलं. सिनेमा आला २०१४ ला आणि १४ सप्टेंबर २०१५ ला लायगोला खरीखुरी पहिली लहर सापडली. थॉर्नना २०१७ चं नोबेल मिळालं ते त्यासाठीच. त्याच जातीची वेधशाळा औंढा नागनाथला व्हायची आहे, एप्रिल २०२३ मध्ये मंत्रिमंडळाची मंजुरी मिळाली, पुण्याची आयुका ही खगोलसंस्था त्यात आहे.

आगाऊ_काकू

@हिंगोलीकर, भारी माहिती! सुरुवातीला मक्याच्या शेतावरून जातं ते ड्रोनही आपल्या हवाई दलाचं, आणि दिल्लीचं नियंत्रण केंद्र बंद पडून दहा वर्षं झाली असं कूपर सांगतो. भारताचा उल्लेख आला तोही बंद पडलेल्या कार्यालयाचा.

७ फेब्रुवारी २०२५ ला सिनेमा आपल्याकडे पुन्हा लागला तेव्हाची गर्दी बघून नवल वाटलं. डिसेंबरात परदेशात लागला तेव्हा आपल्याकडचे आयमॅक्स पडदे 'पुष्पा २'ला दिलेले होते. फेब्रुवारीत आलेली पोरं बहुतेक अशी की २०१४ ला शाळेत होती. सिनेमा त्यांनी फोनवर पाठ केलेला. लाटेच्या आधी सगळ्यांना माहीत होतं ते डोंगर नाहीत, तरी थिएटर गप्प. पहिल्यांदा बघताना आपण फसलो होतो, ही मंडळी न फसता घाबरत होती.

आणि मध्यंतर! १६९ मिनिटांचे बरोबर दोन तुकडे करायला गेलं तर कात्री निरोपांच्या आसपास पडते. लोक रुमाल शोधताहेत आणि पडद्यावर सामोशाची जाहिरात.

रीळमास्तर

हे एक लक्षात ठेवा : ७० मिमी आयमॅक्स फिल्मवर चौकट (रुंदी : उंची) १.४३ : १ अशी जवळपास चौरस. आपल्याकडचे डिजिटल आयमॅक्स १.९०. म्हणजे लाटेच्या शॉटमध्ये वरचं आकाश आणि खालचं पाणी दोन्ही कापलेलं. साधे प्रसंग ३५ मिमीवरचे, २.३९. त्यामुळे चौकट कधी वाढते ते बघत बसायचं. ब्लू-रेवर मोठे प्रसंग १.७८ ला टीव्हीभर उघडतात, घरी बघायचा तर तोच घ्या.

कानसेन

घरी बघणाऱ्यांसाठी. साउंडबार असेल तर प्लेअरमधून ५.१ जातंय ना ते आधी तपासा. प्लेअर आपणहून स्टिरिओ करत असेल तर मधला चॅनेल डाव्या-उजव्यात मिसळतो आणि ऑर्गन संवाद गिळतो. खरं ५.१ असेल तर सेंटर ३ ते ४ डेसिबल वाढवा, सबवूफर २ डेसिबल कमी करा. 'नाइट मोड' लावला तर संवाद कळतील, पण डॉकिंगच्या आधीची शांतता आणि नंतरचा ऑर्गन एकाच उंचीवर येतील, म्हणून तो शेवटचा उपाय. प्रोफेसर ब्रँडपुरती सबटायटल्स लावा आणि मग बंद करा.